पावागड पायी: मुलांना घेऊन चांपानेर ते माची

बडोद्यात काळ्या घोड्याच्या पुतळ्याजवळच्या पुलावरून खाली बघितलं की दिसते ती विश्वामित्री नदी, संथ, गढूळ आणि मगरींची. ती जिथे उगम पावते तो पावागड डोंगर बडोद्याहून जेमतेम पन्नास किलोमीटरवर आहे. बडोद्याच्या मराठी घरांत पावागडला न गेलेला माणूस शोधून सापडायचा नाही. पण "पावागड केला" याचा अर्थ जीपने डोंगराच्या मधल्या पठारावरची माची गाठली, रोपवेत बसलो, कालिकामातेचं दर्शन घेतलं, नारळ-सुखडी घेऊन परत. मधला डोंगर राहूनच जातो. मुलांना घेऊन चालायचं तर खरी मजा त्या मधल्या डोंगरातच आहे.

पावागड एकसलग चढत नाही. सपाटी, मग चढ, मग पुन्हा सपाटी अशी त्याची ठेवण आहे, आणि किल्ला बांधणाऱ्यांनी या ठेवणीचा पुरेपूर फायदा घेऊन टप्प्याटप्प्यावर तटबंदी आणि दरवाजे घातले. पायथ्याला अटक दरवाजा, मग बुढिया, मग सदनशाह, आणि असं करत करत वाट माचीच्या पठारावर येते. किल्ल्याच्या माणसांनी शत्रूला अडवायला जे टप्पे केले ते लहान मुलांच्या पायांना अगदी बेताचे आहेत. प्रत्येक दरवाज्यात सावली असते, बसायला दगड असतो आणि "इथून परत फिरू या" म्हणायला हक्काची जागा असते. शिवाय माचीला जाणारा डांबरी रस्ता पायवाटेच्या आसपासच घोटाळत राहतो. कुणाचा पाय मुरगळला तर गाडीपर्यंत पोचणं अवघड नाही. घरच्यांसोबतच्या पहिल्या डोंगरासाठी आम्ही हीच वाट सुचवतो.

दिवस निवडण्यात निम्मं काम होतं. मध्य नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर हा चालायचा काळ. आश्विन आणि चैत्र नवरात्र, कुठलीही पौर्णिमा, दिवाळीची सुट्टी आणि रविवार हे सगळे वर्ज्य. त्या दिवसांत डोंगरावर लोट लागलेला असतो आणि मोठ्या गर्दीच्या वेळी खाजगी गाड्या खालीच अडवतात, फक्त एस.टी. वर सोडतात. जानेवारीतला साधा शनिवार सगळ्यांत चांगला. उत्तरायणाला, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीला, डोंगर बराच मोकळा असतो असं म्हणतात, पण त्या दिवशी मुलांना गच्चीवरून खाली उतरवून दाखवाच. पावसाळ्यात डोंगर हिरवागार दिसतो, धुकं उतरतं, फोटो झकास येतात, आणि पाखाडीच्या दगडांवर शेवाळ धरतं. आठ वर्षांखालचं मूल बरोबर असेल तर जुलै ते सप्टेंबर हा रस्ता नकोच. मार्चमध्ये पळस फुलतो म्हणून मोह होतो, पण तेव्हा सागाची पानं गळून सावली गेलेली असते आणि अकरा वाजता कातळ तापतो.

डिसेंबर-जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या आसपास मावळतो. बडोद्याहून साडेसहाला निघायचं, हालोलमार्गे तासाभरात पायथ्याचं चांपानेर. आठ वाजता पाय वाटेला लागलेले हवेत. स्वतःची गाडी असेल तर ती चांपानेरलाच ठेवायची, वर माचीला नाही, कारण परतताना पाय दमले तर माचीहून खाली यायला एस.टी. आणि जीपा मिळतात. आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांना सोबत एक मोठं माणूस देऊन साडेनऊच्या सुमारास बसने माचीवर पाठवायचं. त्यांचा चढ वाचतो आणि मुलांना वर कुणीतरी वाट बघत असल्याचा हुरूप येतो.

वेळेचा अंदाज करताना मोठ्यांच्या चालीचा विचार मनातून काढून टाका. एकटा धडधाकट माणूस चांपानेरहून माचीला तासा-सव्वातासात पोचतो. सहा ते नऊ वयाची मुलं असतील तर अडीच तास धरा, आणि त्यातला जवळजवळ एक तास थांबण्याचा. मूल चालून दमत नाही तितकं कंटाळून दमतं. वीस मिनिटं चाल, पाच मिनिटं बैठक हा ताल सुरुवातीपासूनच लावायचा. "दमलो" म्हटल्यावर थांबायचं असं केलं की दहा मिनिटांनी पुन्हा दमायला होतं, हे मुलांच्या लगेच लक्षात येतं. पुढे सर्वांत हळू चालणारं मूल, मागे सर्वांत अनुभवी माणूस. मोठा दादा पुढे पळणारच, त्याला एकच नियम: पुढचा दरवाजा आला की थांबायचं, दरवाजा ओलांडायचा नाही.

चार वर्षांखालचं मूल या वाटेवर पूर्ण वेळ चालत नाही, ते पाठीवर किंवा कडेवर येणारच. कडेवर मूल घेऊन चढता येतं, उतरताना मात्र स्वतःचे पाय दिसत नाहीत. म्हणून अशा मुलाबरोबर चढ पायी आणि उतार एस.टी.ने, यात वाद घालू नका. तान्हं मूल असेल तर या डोंगराऐवजी पायथ्याजवळच्या विरासत वनात फिरा, तिथल्या वाटा सोप्या आहेत.

वाटेवरच्या दगडांविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पडझड होते ती इथेच. ही जुनी फरसबंदी आहे. शेकडो वर्षांच्या पायांनी आणि पावसाने दगडांची माथी गुळगुळीत झाली आहेत आणि बरेच दगड उताराच्या बाजूला कलले आहेत. चढताना काही जाणवत नाही. उतरताना तेच दगड घसरगुंडी होतात. त्यात डिसेंबरपासून सागाची पानं पडायला लागतात. सागाचं वाळकं पान ताटाएवढं असतं, खाली बारीक मुरूम असतो, आणि त्या दोहोंमध्ये पाय ठेवला की पायाखाली जणू ज्वारीचे दाणे पसरलेत असं होतं. पानाखाली खड्डा आहे की दगडाची कड, हेही दिसत नाही. उपाय साधे आहेत. पान आधी काठीने किंवा बुटाने बाजूला सारायचं. दगडाच्या कललेल्या माथ्यावर पाय न टाकता दोन दगडांमधल्या सांध्यात टाकायचा. पावलं छोटी, गुडघे जरा वाकलेले. मूल उतरताना पळू लागलं की पुढे उभं राहून अडवण्यापेक्षा त्याला आपल्या मागे घ्या, आपली चाल त्याचा लगाम होते.

बूट शाळेच्या कॅनव्हासचे चालतात, पण तळव्याच्या खाचा नखाला लागल्या पाहिजेत. घासून गुळगुळीत झालेले बूट आणि चपला घरीच ठेवा. आदल्या रात्री मुलांच्या पायाची नखं कापा. उतरताना बोटं बुटाच्या टोकावर आपटतात आणि वाढलेलं नख दुखरं होतं. माचीवरून उतरायला लागण्यापूर्वी सगळ्यांच्या नाड्या सोडून घोट्याशी पुन्हा घट्ट बांधायच्या, याच कारणाने. गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी चढाची नाही, उताराची धास्ती घ्यावी.

पाणी मोठ्या माणसाला दोन लिटर, मुलाला एक ते दीड. मधल्या टप्प्यात दुकान मिळेल या भरवशावर राहू नका. एक-दोन ओआरएसच्या पुड्या ठेवा आणि पुडी पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच विरघळवा. एक लिटरची पुडी अर्ध्या बाटलीत टाकली की मूल चवीमुळे पीत नाही आणि प्यायलं तरी फायद्यापेक्षा त्रासच होतो. खायला दशम्या, ढेबरं, गुळपापडी, केळी. लीलो चिवडा बडोद्याचा अभिमान खरा, पण तो तहान वाढवतो. परतीच्या गाडीसाठी राखून ठेवा.

खाण्यावरून वानरांकडे येऊ. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वानरं इथे भरपूर आहेत आणि यात्रेकरूंनी त्यांना चणे-प्रसादाची सवय लावली आहे. माणूस ओळखण्यापेक्षा प्लास्टिकची पिशवी ती लवकर ओळखतात. कुरकुर आवाज झाला की झाडावरून खाली. म्हणून खाणं डब्यात, डबा बंद पाठपिशवीत, आणि मुलाच्या हातात चालताना काहीही नाही. एखाद्याने पिशवी धरलीच तर सोडून द्या. ओढाताणीत चावा बसतो आणि मग रेबीजच्या लसीची फेरी चुकत नाही. डोळ्याला डोळा भिडवू नये, दात दाखवून हसू नये. त्यांच्या भाषेत ते आव्हान असतं. खाणं उरकायचं ते दरवाज्याच्या आत, घोळक्याने, भिंतीला पाठ लावून.

या जंगलात मुलांना सगळ्यांत जास्त रडवते ती खाजकुयली. गुजरातीत हिला कौंचा म्हणतात. पावसानंतर झुडपांवर चढलेला हा वेल हिवाळ्यात वाळतो आणि त्याच्या शेंगा लोंबू लागतात: बोटाएवढ्या, जराशा वाकड्या, वरून सोनेरी-तपकिरी मखमल. मुलाने हात लावावा अशीच ती मखमल असते, आणि तेच तिचं शस्त्र. ते केस बारीक सुयांसारखे कातडीत रुततात, शेंगेला न शिवता नुसतं वाऱ्याच्या दिशेला उभं राहिलं तरी मानेवर येऊन बसतात. आग होते, मूल खाजवतं, आणि खाजवल्याने केस आणखी आत जातात व दुसरीकडे पसरतात. तेव्हा आधी हात धरायचे. मग चिकटपट्टी कातडीवर दाबून ओढायची, दर वेळी नवा तुकडा, असं पाच-सहा वेळा. केस पट्टीला चिकटून निघतात. चिकटपट्टी नसेल तर मळलेल्या कणकेचा गोळा हेच काम करतो, म्हणून दशम्यांबरोबर लिंबाएवढा गोळा बांधून नेणाऱ्या आज्या शहाण्या. केस निघाल्यावरच भरपूर पाण्याने धुवायचं. आधीच पाणी ओतून चोळलं की त्रास वाढतो. डोळ्यात गेलं असेल तर मात्र चोळणं नाही, पट्टी नाही, फक्त स्वच्छ पाण्याची धार आणि डॉक्टर.

दुसरी काळजी आग्या मोहोळाची. उंच कडे आणि जुन्या कमानींच्या पोटाशी ही पोळी लोंबतात. कमानीखाली शिरण्याआधी मान वर करून बघायची सवय मुलांना लावा. पोळं दिसलं तर मोठ्याने ओरडणं, दगड मारणं, अगरबत्ती किंवा बिडीचा धूर, उग्र अत्तर, सगळं बंद आणि गुपचूप पुढे. माश्या उठल्याच तर डोकं-तोंड ओढणीने झाकून आल्या वाटेने लांब पळायचं, हात झाडायचे नाहीत. नांगी नखाने खरवडून लगेच काढायची.

सापांसाठी वेगळं काही करायचं नाही: वाट सोडायची नाही, दगडाच्या फटीत हात घालायचा नाही, लघवीला जाताना आधी काठी आपटायची. या पट्ट्यात बिबटे आहेत, पलीकडे जांबुघोड्याच्या बाजूला अस्वलंही. दिवसा माणसांच्या वाटेवर ती सहसा फिरकत नाहीत, पण दुपारी चारनंतर जंगलातल्या वाटेवर कुटुंबाने असू नये. अडचण आलीच तर गुजरातेत १०८ ला फोन करायचा, आणि फोन करताना जवळच्या दरवाज्याचं नाव सांगायचं. "डोंगरावर मधे कुठेतरी" यावरून कुणी शोधू शकत नाही.

आता जंगल आणि दगड बघायचे कसे. साग, पळस, टेंभुर्णी, मोह, बांबू, खैर, सीताफळ ही इथली नेहमीची मंडळी. कातळाच्या कडेला पांढऱ्या बुंध्याचं, पानं गळल्यावर भुतासारखं दिसणारं कांडोळ. खालचा काळा दगड आपल्या सह्याद्रीतलाच बसॉल्ट, दख्खनच्या लाव्ह्याचा इकडे सुटून राहिलेला तुकडा. वरच्या कड्यांत मात्र रायोलाइट नावाचा फिकट, कडक खडक आहे. म्हणून पावागडचं डोकं खालच्या अंगापेक्षा इतकं ताठ दिसतं. मुलांना दोन्हीचे हाताएवढे तुकडे शेजारी धरून दाखवा आणि तिथेच ठेवून या.

दरवाज्यांत बसल्यावर सांगायला गोष्टी आयत्या आहेत. गुजरातचा सुलतान महमूद बेगड्याने वीस महिने वेढा घातला आणि १४८४ मध्ये खीची चौहानांकडून गड घेतला. मग पायथ्याशी नवी राजधानी वसवली. १५३५ मध्ये हुमायूनची माणसं रात्री कड्यात लोखंडी खिळे ठोकत वर चढली. ही गोष्ट ऐकून कडा बघताना मुलांचे डोळे कसे होतात ते बघाच. पुढे गड शिंद्यांकडे आला. १८०३ मध्ये इंग्रजांनी तो दौलतराव शिंद्यांच्या माणसांकडून जिंकला, वर्षभरात परत दिला, आणि १८५३ मध्ये भोवतालच्या पंचमहाल मुलखाचा कारभार इंग्रजांकडे गेला. म्हणजे गायकवाडांच्या बडोद्यापासून इतक्या जवळचा हा गड, पण ग्वाल्हेरचा. बडोद्यातल्या बऱ्याच मराठी माणसांना हे ऐकून नवल वाटतं.

माचीच्या अलीकडे सातकमान आहे: दरीच्या तोंडावर पिवळसर दगडाच्या ओळीने उभ्या कमानी. नाव सातकमान, शाबूत सहा. मोजायचं काम धाकट्याला द्या. इथून खालचं चांपानेर, तळी, मशिदींचे घुमट असा सगळा पट एका नजरेत येतो. कठडा नाही. मूल हाताला धरूनच, आणि फोटो काढणाऱ्याने मागे सरकायचं नाही.

साडेदहा-अकराला माचीवर पोचलात तर उत्तम. साडेअकरा वाजले आणि अजून सातकमानही आली नसेल, तर आहात त्या दरवाज्यातूनच मागे फिरा किंवा गाडीरस्ता गाठा. माचीच्या पुढे खरं सांगायचं तर जंगल संपतं आणि बाजार सुरू होतो: दोन हजारांच्या आसपास पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं, गर्दी. दर्शन घ्यायचं असेल तर मुलांना पायऱ्यांनी दमवू नका, १९८६ पासून रोपवे आहे. मात्र जोराचा वारा सुटला किंवा दुरुस्ती निघाली की तो बंद असतो, तेव्हा त्याच्यावर सगळं नियोजन टांगू नका. रोपवेतून उतरल्यावरही मंदिरापर्यंत अडीचशेच्या घरात पायऱ्या उरतातच, हे आजीला आधी सांगा. देवीच्या रांगेत न शिरणाऱ्यांनी दुधिया आणि छासिया तळी बघावीत. एक दुधाचं, एक ताकाचं. तेलिया नावाचं तिसरंही आहे. छासियाच्या काठी लकुलीश या शिवरूपाचं दहाव्या-अकराव्या शतकातलं देऊळ आहे, डोंगरावरचं सगळ्यांत जुनं. पाणी पिण्याचं नाही आणि काठ निसरडे आहेत.

दुपारी खाली उतरलात की चांपानेर एका दिवसात संपवायचा हट्ट करू नका. २००४ पासून हे जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि पसारा मैलोगणती आहे. दमलेल्या मुलांसाठी दोनच जागा. एक जामी मशीद: १७२ खांब, दोन उंच मिनार, आणि आत इतका गारवा की मुलं आपोआप जमिनीवर बसतात. पंधरा वर्षांखालच्यांना तिकीट नाही. दुसरी, बडोद्याच्या रस्त्याला लागताना येणारी गोल विहीर. तिच्या पायऱ्या भिंतीला लागून सापाच्या वेटोळ्यासारख्या खाली जातात. वरून बघणं पुरे. कड ठेंगणी आहे आणि दमलेल्या पायांचा भरवसा नसतो.

बडोद्यात शिरताना कुठलीही सेव-उसळ चालते, तर्री मुलांच्या वाटीत कमी. घरी आल्यावर त्या दिवशीचे मोजे आणि पँट बाकीच्या कपड्यांत टाकू नका. आधी गच्चीत उलटे करून झटका, मग वेगळ्या बादलीत भिजवा. खाजकुयलीचे केस एका मोज्यातून अख्ख्या घराच्या चादरींत जातात.